विमानात जागा नाकारली तर : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. ओव्हरबुकिंगवरच्या, म्हणजे आसनांपेक्षा जास्त तिकिटे विकण्यावरच्या, माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि तिखट प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही थोडक्यात उरकत नाही. तुमचे म्हणणे असे : एक सीट दोघांना विकणे ही सरळ फसवणूक आहे आणि मी तिला ‘व्यवसायाची गरज’ म्हणून कंपन्यांची वकिली केली. एसटीच्या आरक्षणात चालत नाही ते विमानात का चालावे? दुसरे, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम कागदावरच राहतात. तुमच्या भावाला आणि वहिनींना पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या संध्याकाळच्या विमानात घेतले नाही, दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानात बसवले आणि माणशी दोन हजारांचे व्हाउचर देऊन एका कागदावर सही घेतली. तिसरे, ओव्हरबुकिंगवर बंदी हाच एकमेव उपाय आहे.

पहिल्या मुद्द्यात तुमची बाजू तुम्ही मांडलीत त्याहून भक्कम आहे. कंपन्या सांगतात की न येणाऱ्या प्रवाशांमुळे सीट रिकामी जाते आणि नुकसान होते. पण स्वस्त तिकिटाचा प्रवासी आला नाही तर त्याला परत मिळतात ते बहुतांशी कर आणि विमानतळाची शुल्के. मूळ भाडे कंपनीकडेच राहते. म्हणजे त्या सीटचे पैसे एकदा वसूल झालेले असतात आणि ओव्हरबुकिंगमुळे ते दुसऱ्यांदा वसूल होतात. बिझनेस क्लासच्या किंवा पूर्ण परतावा मिळणाऱ्या तिकिटाबाबत नुकसानीचा युक्तिवाद खरा आहे. आपल्यासारख्यांच्या तिकिटाबाबत तो लंगडा आहे.

तरीही ‘एक सीट दोघांना’ असे चित्र डोळ्यांसमोर ठेवले की खरा दोष नजरेतून सुटतो. तिकीट विकताना कोणतीही ठरावीक सीट दोनदा विकली जात नाही. विकला जातो तो अंदाज. १८० आसनांचे एअरबस ए३२० घ्या आणि शंभरातले सरासरी चार जण येत नाहीत असे धरा. १८३ तिकिटे विकली तर कुणाला तरी मागे ठेवण्याची वेळ शंभर उड्डाणांत साधारण दोनदा येते. १८५ विकली तर तेरा वेळा. दोनच तिकिटांनी एवढा फरक पडतो. त्यातही हा हिशेब प्रत्येक प्रवासी स्वतंत्रपणे येतो किंवा येत नाही असे धरून केलेला आहे. प्रत्यक्षात लग्नाचे वऱ्हाड येते तेव्हा सगळे येते, आणि दिवाळीच्या आदल्या दिवशी कोणीच तिकीट वाया घालवत नाही. एरवीच्या मंगळवारचा अंदाज सणाच्या शुक्रवारी लावला की काउंटरवर भांडणे होतात. हा धोका कंपनी जाणूनबुजून पत्करते, म्हणून तो चुकला तर त्याची किंमतही तिनेच मोजली पाहिजे. माझे म्हणणे एवढेच होते आणि आजही आहे.

आता बंदी. समजा उद्यापासून एकही जादा तिकीट विकले नाही. तरी जागा नाकारणे थांबणार नाही. २३२ आसनांचे ए३२१ बिघडले आणि बदली म्हणून १८६ आसनांचे ए३२० आले, तर ४६ माणसे एका फटक्यात जादा ठरतात. एटीआरसारखे छोटे विमान आखूड धावपट्टीवरून भर उन्हात उडणार असेल तर वजनाच्या मर्यादेमुळे सीट रिकाम्या असूनही माणसे उतरवावी लागतात. अमेरिकेतल्या जेटब्लूने ओव्हरबुकिंग न करण्याचे धोरण वर्षानुवर्षे मिरवले, पण तिच्याकडेही जागा नाकारलेल्यांचा आकडा शून्यावर आला नाही. बंदी आणली की कंपन्या प्रत्येक वेळी विमान बदलल्याचे कारण पुढे करतील आणि ‘ओव्हरबुकिंग नव्हतेच’ म्हणून हात वर करतील. मला ती पळवाट नको आहे. आपला सध्याचा नियम या बाबतीत बरा आहे. डीजीसीएच्या ‘नागरी विमानवाहतूक आवश्यकता’ या नियमावलीच्या विभाग ३, मालिका एम, भाग ४ मध्ये कसोटी अशी आहे की, पक्के तिकीट असलेले आणि वेळेत हजर झालेले प्रवासी उपलब्ध आसनांपेक्षा जास्त झाले का. आसने का कमी पडली, हे त्यात विचारलेले नाही. हवामानासारख्या असाधारण परिस्थितीची जी सूट कंपन्या सांगतात ती उड्डाण रद्द होणे आणि उशीर होणे यांसाठी लिहिलेली आहे. तुमच्यासमोर विमान उडाले आणि तुम्ही खाली राहिलात, तर ‘हवामान खराब होते’ हे उत्तर ऐकून घेऊ नका.

याच नियमानुसार कंपनीने आधी मोबदला घेऊन स्वेच्छेने थांबणारे शोधायचे असतात. ही कल्पना अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६०च्या दशकात मांडली होती आणि विमान कंपन्यांनी ती तेव्हा उडवून लावली. १९७२ मध्ये ॲलेगेनी एअरलाइन्सने ग्राहकहक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडर यांनाच जागा नाकारली. १०० आसनांसाठी १०७ आरक्षणे घेतलेली होती. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७६ मध्ये न्यायालयाने ठरवले की, ओव्हरबुकिंग लपवल्याबद्दल प्रवासी न्यायालयात दाद मागू शकतो. त्यानंतर १९७८ मध्ये आधी स्वयंसेवक विचारण्याचा नियम तिथे आला. २०१७ मध्ये युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टरला ओढून बाहेर काढल्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला. त्यानंतर डेल्टा या दुसऱ्या अमेरिकी कंपनीने स्वयंसेवकाला देता येणाऱ्या रकमेची मर्यादा ९,९५० डॉलरपर्यंत नेली. रक्कम पुरेशी वाढवली की कोणी ना कोणी आनंदाने थांबतो, आणि ज्याच्या घरी कोणी अत्यवस्थ आहे तो विमानात बसतो. आपल्याकडे गेटवर अशी उघड बोली लागताना क्वचितच दिसते. त्याचे कारण कंपन्यांचा स्वभाव नाही, आपली भरपाईच स्वस्त आहे.

ती किती स्वस्त, ते पाहू. मूळ नियम २०१०चा आणि सध्याचे दर २०१६च्या सुधारणेतले. ठरलेल्या वेळेपासून एका तासाच्या आत सुटणारे पर्यायी विमान दिले तर काहीच देणे लागत नाही. चोवीस तासांच्या आत सुटणारे दिले तर एकेरी मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांच्या २०० टक्के, पण जास्तीत जास्त १०,००० रुपये. त्यानंतरचे दिले तर ४०० टक्के, कमाल २०,०००. पर्यायी विमान नको म्हणालात तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि शिवाय ४०० टक्के, कमाल २०,०००. या शेवटच्या पर्यायाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. दुसऱ्या कंपनीचे विमान किंवा रात्रीची गाडी मिळत असेल, तर अनेकदा तोच सर्वात फायद्याचा ठरतो.

वर्तमानपत्रांत ‘दहा हजारांची भरपाई’ असे मथळे येतात, त्याने गैरसमज होतो. दहा हजार ही कमाल मर्यादा आहे. हिशेब मूळ भाड्यावर होतो. तिकीट ५,४०० रुपयांचे असेल आणि त्यात मूळ भाडे आणि इंधन अधिभार मिळून ४,१०० असतील, तर २०० टक्के म्हणजे ८,२०० रुपये. जीएसटी आणि विमानतळाचे वापरकर्ता शुल्क यात धरले जात नाही. मूळ भाडे आणि अधिभाराची बेरीज ५,००० च्या वर गेली की दोन्ही टप्प्यांत मर्यादा आड येते. म्हणजे ऐन सणात १२,००० मोजलेल्या माणसालाही चोवीस तासांच्या आतल्या विमानासाठी दहा हजारांवर एक रुपया मिळत नाही, त्याच्या भाड्याइतकेही नाही. ज्या दिवशी जागा नाकारल्याने सर्वाधिक हाल होतात, त्याच दिवशी कंपनीला ते सर्वात स्वस्त पडते. माझ्या मते बंदीपेक्षा ही मर्यादा उठवण्यासाठी ओरड व्हायला हवी. दुसरी खोट एका तासाच्या सवलतीत आहे. ती सुटण्याच्या वेळेवर मोजतात, पोहोचण्याच्या नाही. चाळीस मिनिटांनी सुटणारे, पण हैदराबादमार्गे सहा तास उशिरा दिल्लीला टेकवणारे विमान दिले तरी कंपनी हात झटकू शकते. अमेरिकेत हेच पोहोचण्याच्या वेळेवर मोजतात.

युरोपात रक्कम भाड्यावर अवलंबूनच नाही. युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाप्रमाणे अंतरानुसार २५०, ४०० किंवा ६०० युरो मिळतात, आणि पर्यायी विमान फारसा उशीर न करता पोहोचले तर निम्मे. फ्रँकफर्टहून मुंबईला येताना हा नियम कोणत्याही कंपनीला लागू होतो, भारतीय कंपनीलाही. मुंबईहून तिकडे जाताना मात्र युरोपीय कंपनी असेल तरच. लंडनहून निघताना ब्रिटनचा स्वतंत्र नियम आहे आणि मुंबईच्या अंतराला ५२० पौंड होतात. परदेशातून सुट्टीला येणाऱ्या मराठी कुटुंबांना हे माहीत नसते आणि ती देशी दरावर समाधान मानतात. कृपया मानू नका.

‘नियम कागदावरच’ हा तुमचा आक्षेप निराधार नाही. जून २०२२ मध्ये डीजीसीएने बंगळुरू, हैदराबाद आणि दिल्लीतल्या तपासण्यांनंतर एअर इंडियाला याच भरपाईच्या कारणावरून १० लाखांचा दंड केला होता. पण दंड सरकारजमा होतो, प्रवाशाच्या खात्यात काही येत नाही. प्रवाशाला त्याची रक्कम स्वतःच मिळवावी लागते आणि ती मिळणार की नाही हे बहुधा काउंटरवरच्या पहिल्या अर्ध्या तासात ठरते. भरपाई नाकारण्याचा सोपा मार्ग म्हणजे घटनेचे नाव बदलणे. ‘तुम्ही उशिरा आलात’, ‘तुम्ही स्वतःच दुसरे विमान घेतले’, ‘तुम्ही नो-शो आहात’, म्हणजे आलाच नाहीत. यातले काहीही संगणकात नोंदले गेले की पुढची लढाई दुप्पट कठीण होते.

म्हणून वेळेत आल्याचा पुरावा आधी. बहुतेक देशी कंपन्यांचे काउंटर सुटण्याच्या ६० मिनिटे आधी बंद होतात. वेब चेक-इन केले असेल तर बोर्डिंग पास जपा, बॅग दिली असेल तर टॅग जपा. काउंटरवरचा उड्डाणाचा फलक आणि घड्याळ दिसेल असा फोटो काढा. मग ड्यूटी मॅनेजरला बोलवायला सांगा आणि पीएनआर, उड्डाण क्रमांक, हजर झाल्याची वेळ आणि ‘डिनाइड बोर्डिंग’ (जागा नाकारली) हे शब्द असलेला कागद मागा. बहुधा ‘असा कागद आम्ही देत नाही’ असे उत्तर येते. तेव्हा वाद घालू नका. तिथूनच कंपनीच्या ग्राहकसेवेला ईमेल करा : अमुक पीएनआर, अमुक वाजता काउंटरवर हजर, पक्के तिकीट असूनही जागा नाकारली, आम्ही स्वेच्छेने थांबलेलो नाही, पर्यायी उड्डाण भरपाईचा हक्क राखून स्वीकारत आहोत. पाच ओळी पुरतात. त्या ईमेलवरची वेळ नंतर कोणाला बदलता येत नाही.

ॲपवर आलेल्या ‘प्रवास बदला’ किंवा ‘तिकीट रद्द करा’ या दुव्यांना हात लावू नका. त्यातून झालेला बदल तुमच्या मर्जीचा म्हणून नोंदला जातो. परतीचे तिकीट त्याच पीएनआरवर असेल तर ते शाबूत आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी पाहा. जाण्याच्या टप्प्याला ‘नो-शो’ लागला तर अनेक कंपन्यांत पुढचे टप्पे आपोआप रद्द होतात. बॅग आत गेली असेल तर ती विमानातून उतरवली की नाही हेही विचारा.

आता तुमच्या भावाचे. संध्याकाळचे विमान आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पर्यायी जागा, म्हणजे चोवीस तासांच्या आत. वर घेतलेलेच भाडे असेल तर माणशी ८,२००, दोघांचे १६,४००. त्यांनी सही केलेल्या कागदाची प्रत आधी मिळवा. त्यावर ‘स्वेच्छेने’ असा शब्द आहे का ते पाहा. असेल तर कंपनी त्याच्यामागे लपेल. पण थांबायला कोणी तयार आहे का अशी विचारणा झालीच नव्हती आणि हक्काची रक्कम सांगितली नव्हती, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. व्हाउचर अजून वापरले नसेल तर वापरू नका.

तिकिटाची भाड्याच्या तपशिलासह पावती कंपनीकडून मागवून घ्या, कारण सगळा हिशेब मूळ भाड्याच्या आकड्यावर आहे. पहिली तक्रार कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, बँक खात्यात नेमकी किती रक्कम हवी ते लिहून. समाधान झाले नाही तर कंपनीचा अपिलीय अधिकारी आणि सोबत सरकारचे एअरसेवा हे तक्रार पोर्टल. तिथेही अडले तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. तिकिटाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते. सकाळच्या विमानामुळे दिल्लीतले एखादे काम बुडाले असेल किंवा रात्रीचे हॉटेल स्वतःच्या खिशातून केले असेल, तर ती बिलेही जोडा. डीजीसीएची मर्यादा म्हणजे प्रवाशाच्या सगळ्या नुकसानीची मर्यादा नव्हे, त्याहून जास्त मागण्याची वाट खुली आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे, पण काउंटरवरची नोंद आणि सीसीटीव्हीचे चित्रण तितके दिवस टिकत नाही, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच पत्रात करा.