गोळी आणि पॅच यांना एकच माप लावता येत नाही

ताई, पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी घेतल्या जाणाऱ्या हार्मोनबद्दल तुमचा आक्षेप असा: ‘हार्मोन तोंडातून घ्या नाहीतर कातडीतून, शेवटी रक्तातच जाणार. मग रक्ताच्या गुठळीच्या बाबतीत पॅच बरा म्हणणं ही बायकांची दिशाभूल नाही का?’

रक्तात दोन्ही जातात. पण गोळी आतड्यात शोषली गेली की तिच्यातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन सगळ्यांत आधी यकृतात पोचतं, तेही भरपूर मात्रेत. रक्त गोठवणारे आणि ते आवरणारे बहुतेक घटक यकृतातच तयार होतात. गोळीमुळे अँटिथ्रॉम्बिन आणि प्रोटीन एस हे आवरणारे घटक कमी होतात, ॲक्टिव्हेटेड प्रोटीन सी या गोठणं आवरणाऱ्या घटकाला रक्त पूर्वीसारखी दाद देत नाही, आणि पारडं गोठण्याकडे झुकतं. पॅच किंवा जेलमधलं इस्ट्रोजेन आधी अंगभर फिरतं आणि मग थोडं थोडं यकृतापर्यंत जातं. तिथे एवढी उलथापालथ होत नाही.

‘धोका दुप्पट’ हा तुम्ही दिलेला आकडा २००२ साली जाहीर झालेल्या अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीचा. हार्मोन घेणाऱ्या दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३४ जणींना गुठळी झाली, औषधाविना १६ जणींना. पण त्यात हार्मोन घेणाऱ्या सगळ्याजणी गोळीवर होत्या: घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन ०.६२५ मिलिग्रॅम आणि जोडीला मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनचा कृत्रिम प्रकार) २.५ मिलिग्रॅम. सरासरी वय ६३. तो आकडा पन्नाशीतल्या, पॅच लावणाऱ्या बाईला लावणं चूक आहे. २०१९ साली ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत गोळ्यांनी धोका वाढलेला दिसला, त्यातही याच जोडीचा सर्वाधिक. पॅच-जेलमुळे वाढ दिसली नाही.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मला मान्य आहे. पॅचचा हा पुरावा निरीक्षणातून आलेला आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचणीतून नाही. म्हणूनच आधी गुठळी होऊन गेली असेल, किंवा आई-बहिणीला कमी वयात झाली असेल, तर पॅचसुद्धा रक्तविकारतज्ज्ञांना विचारूनच. आणि गर्भाशय असेल तर प्रोजेस्टेरॉन लागतंच, त्याचा प्रकारही बघायला हवा. मायक्रोनाइज्ड, म्हणजे शरीरातल्यासारख्याच, प्रोजेस्टेरॉनने गुठळीचा धोका वाढल्याचं आढळलेलं नाही, मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनबद्दल तसं म्हणता येत नाही.

‘बीटी-सीटी नॉर्मल आली की बिनधास्त गोळी घ्यावी’ हे मात्र कृपा करून कुणाला सांगू नका. त्या तपासण्या रक्त थांबायला वेळ लागतो का ते पाहतात. नको तिथे गुठळी होण्याची प्रवृत्ती, उदाहरणार्थ फॅक्टर फाइव्ह लायडेन हा जन्मजात दोष, त्यात दिसतच नाही. अशा बाईने गोळी घेतली तर धोका कित्येक पटींनी चढतो.

गोळीवर असाल तर पहिलं वर्ष सर्वांत जोखमीचं. मोठ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली की सर्जनना गोळीबद्दल लगेच सांगा, बंद करायची तर काही आठवडे आधी करावी लागते. एकच पोटरी सुजली, दाबल्यावर दुखू लागली, तर त्याच दिवशी पायाची डॉपलर सोनोग्राफी करून घ्या. अचानक धाप लागली किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर थेट इमर्जन्सी गाठा आणि हार्मोन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.