त्या ४ मिनिटांबद्दल आणि तुमच्या उघड्या फळीबद्दल

दादा, बोट सुरू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या पेटीतली हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा, चालवा असं मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला म्हणून रात्री परत वाचली आणि मग लक्षात आलं की निम्मं तुमचं बरोबर आहे. तुम्ही म्हणता, तीस वर्षं मांडव्याला लाँच चालवतोय, ब्लोअर कसा दिसतो ते पण माहीत नाही, अमेरिकेत बसून लोकांना घाबरवू नका, इंजिनावरची फळी उघडी ठेवली की काम झालं, आणि अगदीच पंखा लावायचा तर ताजी हवा आत ढकलणारा लावा.

आधी माझी चूक कबूल करतो. "इंजिन आत असलेल्या प्रत्येक बोटीला ब्लोअर हवाच" असं मी लिहिलं होतं ते चुकलंच. माझ्या डोक्यात माझी बोट होती, न्यू जर्सीत लेक होपटकाँगवर चालवतो ती १९ फुटी, ४.३ लिटरचं पेट्रोल इंजिन मागे पेटीत बंद. तुमची लाँच डिझेलची. पेट्रोल शून्याखाली ४० डिग्रीला सुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं, डिझेल त्यासाठी चांगलं तापावं लागतं. इथला कोस्ट गार्डचा ब्लोअरचा नियम पण फक्त पेट्रोल बोटींनाच आहे, म्हणजे तुमच्या लाँचला मी उगाच त्यात ओढलं. माफी.

पण तुम्हीच पुढे लिहिलंय की फळी लावली की काळा धूर येतो आणि इंजिन दमतं म्हणून आम्ही ती उघडीच ठेवतो. अहो दादा, मग तीच फळी तुमचं व्हेंटिलेशन आहे की! सहा सिलेंडरचं पावणेसहा लिटरचं डिझेल २००० आरपीएमला फिरत असेल तर दर मिनिटाला साधारण ५ घनमीटर हवा ओढतं, आणि तुमची इंजिनाची जागा ६ बाय ५ बाय ४ फूट धरली तर आत सगळी मिळून साडेतीन घनमीटर सुद्धा हवा नाही, म्हणजे मिनिटाच्या आत सगळी गिळून झाली. फळी लावली की ते बिचारं फटीफटीतून श्वास घेतं, वरून ती हवा तापलेली, ३० ची ६० डिग्री झाली की तेवढ्याच जागेत नऊएक टक्के हवा कमी मावते. काळा धूर त्याचाच. चालू इंजिनावर फळी उचलायला जड जात असेल तर खात्रीच समजा, आतली हवा कमी पडून ती चिकटून बसलेली असते. उघडी ठेवायचा इलाज चालतो, पण मग लाट आली की खारं पाणी सरळ अल्टरनेटरवर आणि एखाद्या पॅसेंजरचा पाय कधी आत जाईल सांगता येत नाही. दोन बाजूंना झापांची मोठी भोकं पाडून घ्या, पाणी आत येणार नाही अशा बेताने, आणि फळी लावा. ताजी हवा आत ढकलणारा पंखा इथे चालेल, डिझेलला आत हवा हवीच असते.

आता खरा मुद्दा, तुमचा पुतण्या. शेवटच्या ओळीत सहज टाकलंत की तो सेकंडहँड स्पीडबोट आणतोय, आत इंजिन, पेट्रोलवाली. बाहेर टांगलेलं आउटबोर्ड असतं तर इंजिनाचं मी काहीच बोललो नसतो, ते उघड्यावरच असतं. पण पेटीतल्या पेट्रोल इंजिनाला तुमचा फळीचा नियम लावू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती सरळ खाली बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाशी, जाऊन बसते. पातेल्याचं झाकण काढलं म्हणून तळातलं वरण वर येत नाही ना, तसंच. आणि हवेत दीड टक्का वाफ झाली तरी एक ठिणगी पुरते. तिला तळातूनच ओढून बाहेर टाकावी लागते. म्हणूनच इथे पंखा आत ढकलणारा नको, आत दाब वाढला की तीच वाफ फटींतून माणसं बसतात तिकडे येईल.

आणि ब्लोअर आहे म्हणजे झालं असंही नाही, हे मी स्वतः भोगलंय. मी ही बोट जुनीच घेतली, ब्लोअर मस्त घुंघुं करायचा, मी पूर्ण सीझन इमानदारीत दर वेळी ४ मिनिटं चालवून मगच चावी फिरवली. एका रविवारी पेट्रोल भरलं, ४ मिनिटं झाली, तरी झाकण उचलल्यावर भक्कन वास आला. बघतो तर ब्लोअरचा पाइप क्लँपमधून सुटून वर झाकणाशी लोंबकळतोय, म्हणजे अख्खा सीझन मी वरची स्वच्छ हवा बाहेर फेकत होतो आणि खालची तशीच. बायकोला हे सांगितलेलं नाही, ती मराठी ब्लॉग वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

तर पाइपाचं खालचं तोंड पेटीच्या खालच्या एक तृतीयांशात पाहिजे पण बिल्जमधल्या पाण्याच्या वर पाहिजे, पाण्यात बुडलं तर ब्लोअर काहीच ओढत नाही, नुसता ओरडतो. पाइप मध्ये झोळीसारखा लोंबता कामा नये, त्यात पाणी साठतं. तोंडाशी टिश्यू पेपर धरून बघायचं, चिकटला पाहिजे (अगरबत्तीचा धूर नको हं, एकाने मला खरंच सुचवलं होतं). हवा आत येण्याचं तोंड बोटीच्या पुढच्या दिशेला, बाहेर जाण्याचं मागच्या दिशेला, आणि दोन्ही लांब लांब, नाहीतर बाहेर काढलेलीच परत आत.

४ मिनिटं कुठून आली विचारलंत. तसं लेबलच लावावं लागतं इथे, इंजिन चालू करायच्या आधी ४ मिनिटं ब्लोअर चालवा आणि बिल्ज तपासा. माझी पेटी इंजिन वगळून साधारण ४० घनफूट. नियमाप्रमाणे तेवढीला ६० सीएफएमचा (मिनिटाला ६० घनफूट हवा फेकणारा) ब्लोअर लागतो आणि पाइप-वळणं धरून प्रत्यक्षात २४ तरी बाहेर पडले पाहिजेत. २४ गुणिले ४, म्हणजे ९६ घनफूट, पेटी दोनदा रिकामी होऊन वर थोडी. शिवाय ब्लोअर बंद असतानाही आपोआप हवा खेळायला भोकं लागतात, त्याच पेटीला साडेदहा चौरस इंच, आत येणारी वेगळी आणि बाहेर जाणारी वेगळी. ३ इंची पाइप सातच चौरस इंच देतो, ४ इंची साडेबारा, म्हणून मी ४ इंची घातला.

बॅटरी उतरते म्हणालात ते मात्र अजिबात पटलं नाही. ब्लोअर ४-५ अँपिअर खातो, ४ मिनिटांत अर्धा अँपिअर-अवर पण जात नाही, स्टीरिओ त्याहून खातो. वेगात पळताना बंद केला तरी चालतं कारण तेव्हा इंजिनच आतली हवा ओढत असतं, पण हळू चालताना आणि आयडलला त्याची भूक कमी, तेव्हा चालू ठेवायचा. पेट्रोल भरताना इंजिन, ब्लोअर सगळं बंद, झाकणं लावलेली, भरून झालं की मग ४ मिनिटं.

पुतण्याला अजून एक सांगा, अल्टरनेटर किंवा स्टार्टर गेला तर गॅरेजवाला "हाच बसतो साहेब" म्हणून गाडीचा देईल. बसतो पण. गाडीच्यातून ठिणगी बाहेर येऊ शकते, बोटीचा त्यासाठी वेगळा, बंदिस्त केलेला असतो, महाग असला तरी तोच घ्यायचा. आणि बोट आली की पैसे द्यायच्या आधी झाकण उचलून पाइपाचं खालचं टोक कुठे आहे त्याचा फोटो काढून मला पाठवायला सांगा. डिसेंबरात मी अलिबागला येतोय, तेव्हा तुमच्या फळीची मापं पण घेऊ.