ठिबक कंट्रोलरच्या प्रोग्रामिंगबाबतच्या आपल्या तक्रारीस उत्तर

महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठिबकच्या कंट्रोलरमध्ये उत्पादक कंपनीने पाठवलेला नवा प्रोग्राम टाकणे हे पाच मिनिटांचे काम असताना आम्ही कंट्रोलरचा सर्किट बोर्ड दोन दिवस ठेवून घेतला, मळ्यावर येऊन काम करण्यास नकार दिला आणि जुना प्रोग्राम पुसण्यास संमती म्हणून आपली सही घेतली, असे आपण लिहिले आहे. ऑक्टोबर छाटणीच्या ऐन दिवसांत कंट्रोलर बंद राहिला की द्राक्षबागेच्या पाण्याच्या पाळ्या हाताने सांभाळाव्या लागतात, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच हे उत्तर सविस्तर देत आहे.

प्रत्यक्ष लेखनाला पाच मिनिटेही लागत नाहीत, हे आपले म्हणणे बरोबर आहे. आपल्या बोर्डावरील ॲटमेगा 328पी या चिपची 32 केबी फ्लॅश (प्रोग्राम साठवणारी मेमरी) 128 बाइटच्या पानांनी, म्हणजे तुकड्या-तुकड्यांनी, लिहिली जाते आणि एका पानाला काही मिलिसेकंद पुरतात. वेळ गेला तो पुसण्याआधीच्या तपासणीत. फ्लॅशमध्ये लिहिताना बिट 1 चा 0 करता येतो, पण 0 चा पुन्हा 1 करायचा तर आधी पुसावेच लागते. आणि बाहेरून प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम लिहिण्याचे उपकरण) जोडून ही चिप पुसताना एखादेच पान निवडता येत नाही, सगळी फ्लॅश एकदम कोरी होते. ईईसेव्ह हा फ्यूज (चिपमधील एक सेटिंग, विजेचा फ्यूज नव्हे) सेट केलेला नसेल तर तिच्याबरोबर ईईप्रॉमही (वीज गेली तरी आकडे जपणारी वेगळी मेमरी) पुसला जातो, आणि आपल्या व्हॉल्व्हच्या वेळा व खतांच्या मात्रा नेमक्या त्या ईईप्रॉममध्येच होत्या.

त्यामुळे आम्ही प्रथम काहीही न लिहिता केवळ लॉक बिट (चिप बाहेरून वाचण्या-लिहिण्यास बंद करणाऱ्या खुणा) आणि फ्यूज वाचले. कंपनीने चिप लॉक केलेली होती आणि ईईसेव्ह सेट केलेला नव्हता. अशा लॉकमध्ये ईईप्रॉमचा बॅकअप घेता येत नाही, फ्यूजही बदलता येत नाही, आणि लॉक काढायचे तर संपूर्ण चिप पुसण्यावाचून मार्ग नाही. उरला तो एकच उपाय, डिस्प्लेवर एकेक मेनू उघडून प्रत्येक आकडा कागदावर उतरवून घेण्याचा. आमच्या तंत्रज्ञाने ती यादी आपल्याला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा एका व्हॉल्व्हची वेळ आपणच दुरुस्त करून दिली होती, हे आपल्याला आठवत असेल. दुसरा दिवस गेला तो आलेली फाइल याच हार्डवेअर आवृत्तीची आहे, याची कंपनीकडून खात्री करून घेण्यात. पुसलेल्या जुन्या प्रोग्रामची प्रत कोणाच्याही हाती राहणार नव्हती. संमतीची सही त्यासाठीच होती.

मळ्यावर काम न करण्याचे कारण विजेचे आहे. पंप सुरू होताना व्होल्टेज पडते, आणि लेखन चालू असताना चिपचा पुरवठा ठरावीक मर्यादेखाली गेला तर प्रोग्राम अर्धवट किंवा चुकीचा लिहिला जाऊ शकतो. (चिप झिजण्याची भीती आम्ही कोणालाही घालत नाही, ही फ्लॅश 10,000 वेळा पुसून लिहिता येते.) सातपूरच्या आमच्या टेबलावर स्थिर 5 व्होल्टवर लेखन केले, लिहिलेला प्रत्येक बाइट परत वाचून फाइलशी पडताळला आणि मगच कंपनीच्या सूचनेप्रमाणे लॉक लावले, कारण लॉक लावल्यानंतर ही पडताळणी करता येत नाही.

लॉक लावण्यापूर्वी कंपनीला विचारून ईईसेव्ह फ्यूजही सेट केला आहे. पुढच्या वेळी चिप पुसली तरी आपल्या वेळा ईईप्रॉममध्ये टिकून राहतील, आणि नव्या प्रोग्रामने त्या साठवण्याची मांडणी बदललेली नसेल तर पुन्हा भराव्या लागणार नाहीत. सर्व वेळांची हस्तलिखित यादी कंट्रोलरच्या पेटीत झाकणाच्या आतल्या बाजूस प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे. पुढील अपडेटची फाइल आली की बोर्ड आणण्यापूर्वी ती आम्हाला पाठवावी. आवृत्तीची खात्री आधीच झालेली असेल तर बोर्ड त्याच दिवशी परत देऊ.