नाती बाजूला ठेवून मी कोण?

आज ऑफिसात व्यक्तिमत्त्व विकासाचं सत्र होतं. प्रत्येकाला एकेक कोरा कागद दिला. सूचना अशी की नाती, पद, आडनाव सगळं बाजूला ठेवा आणि 'मी कोण' ते लिहा. मग शेजारी बसलेल्या व्यक्तीने आपल्याबद्दल एक शब्द लिहायचा. माझ्या कागदावर शेजारणीने लिहिलं, 'शांत'. तिने चांगल्या मनानेच लिहिलं असणार. पण माझं डोकं तेव्हापासून जे फिरलंय ते अजून ताळ्यावर आलेलं नाही.

मी शांत नाही. दादा गेल्यापासून माझ्याशी वाद घालणारं कोणी उरलेलं नाही, एवढंच.

माझ्या इथल्या मित्रयादीतल्या बऱ्याच जणांना दादा माहीत आहे. कुठलाही विषय निघाला की मुद्दाम उलटी बाजू घ्यायचा. निवडणूक असो, देव असो, नाहीतर मी नुकतीच वाचून संपवलेली कादंबरी. मी तावातावाने बोलायला लागले की मध्येच म्हणायचा, "हे तुझं मत आहे की ऐकलेलं?" त्या एका प्रश्नाने मला विचार करायला शिकवलं. बाहेर मी कधीच फार बोलले नाही, पण त्याच्यासमोर हट्टी होते, भांडखोर होते, आणि हुशारही होते. आता पेपर वाचते आणि बाजूला ठेवते. मत तयारच होत नाही. लोक सांत्वन करताना म्हणतात, "भाऊ गेला." त्याच्याबरोबर मीही थोडी गेले, हे कोणाला सांगायचं?

आणि इथे हे प्रशिक्षक सांगतात की नाती हा वरवरचा थर आहे, तो खरवडला की आत 'खरी तुम्ही' सापडेल! काय सापडणार आहे आत? माझ्या सहकाऱ्यांनी लिहिलं: प्रामाणिक, समजूतदार, मदतीला धावणारा. अहो, प्रामाणिक कोणाशी? धावणार कोणाच्या मदतीला? माणसं बाजूला काढा आणि मग यातला एक तरी गुण उभा राहतो का बघा.

ही खुळी कल्पना त्यांची एकट्याची नाही म्हणा. १६३७ साली देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने लिहिलं, 'मी विचार करतो, म्हणून मी आहे', आणि तेव्हापासून जगाला वाटतंय की 'मी' बंद खोलीत एकटाच सापडतो. पण या देकार्तलाच १६४३ मध्ये एलिझाबेथ नावाच्या तरुण राजकन्येने पत्र लिहून विचारलं की मन जर निराकार आहे, तर ते शरीराला हलवतं कसं? त्याची उत्तरं तिला पटेनात. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला. हा पत्रव्यवहार पुढे कित्येक वर्षं चालला. त्यातून भावनांवरचं त्याचं पुस्तक आकाराला आलं आणि १६४९ मध्ये छापलं गेलं. म्हणजे एकट्या 'मी'चा हा सगळ्यात मोठा वकीलसुद्धा कोणीतरी हट्टाने उलट विचारल्यावरच पुढचा विचार करू शकला. हे वाचलं तेव्हा मला दादाच आठवला.

मग आला इंग्रज तत्त्वज्ञ लॉक. त्याने १६९४ मध्ये मांडलं की आपली आठवण जिथवर पोचते तिथवर आपण 'आपण' असतो. बरं. माझ्या अडीच-तीन वर्षांच्या वयातलं मला काहीच आठवत नाही. दादाला आठवत होतं. मी अंधाराला घाबरायचे नाही पण रिकाम्या खोलीला घाबरायचे, हे मला त्याने सांगितलं. मी चालायच्या आधी बोलायला लागले, हेही त्यानेच. ती छोटी मुलगी त्याच्या आठवणीत राहत होती. आता ती कुठे आहे? लॉकच्या हिशोबात तिला जागाच नाही.

हो, मान्य आहे, जन्मतःच प्रत्येक मूल थोडं वेगळं असतं. एक रडकं, एक निवांत. असेल. पण तेवढ्यावर 'मी' होत नाही. १९७०च्या सुमारास गॅलप नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चिंपांझींसमोर आरसे ठेवले. इतर चिंपांझींबरोबर वाढलेल्यांनी आरशातलं स्वतःचं रूप ओळखलं. जन्मापासून एकटे ठेवलेले होते त्यांना ते ओळखता आलं नाही. मला तर हे वाचून रडूच आलं होतं. आणि माणसांचं काय? कैद्याला सलग १५ दिवसांहून जास्त एकांतात डांबू नये, असा नियम २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी केला. माणसं काढून घेतल्यावर 'खरा मी' उजळून निघत असता, तर असा नियम कशाला लागला असता?

आता काही मैत्रिणी चिडतील, आणि त्यांचं चिडणं बरोबर आहे. अमक्याची मुलगी, तमक्याची बायको म्हणून आयुष्यभर दाबून ठेवलेल्या बाईला 'तू नात्यांनीच बनलीस' असं सांगणं क्रूर आहे. ठीक आहे, घेते मागे तेवढं. पण अशा बाईला मी जवळून ओळखते. ती बाहेर पडली, कारण एका शिक्षिकेला तिच्यात दुसरंच कोणीतरी दिसलं आणि त्या तिच्याशी बोलत राहिल्या. तीही एका नात्याच्या आधारानेच सुटली.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. त्या प्रशिक्षकांचाही फार दोष नसेल. त्यांनाही कोणीतरी हेच शिकवलं असणार. शेजारणीचा तर मुळीच नाही. तिने मला दादासमोर कधी पाहिलंच नाही, तिला दिसलं ते तिने लिहिलं. आणि खरं सांगायचं तर तिच्याबरोबरची मी शांतच आहे. ती मीही खोटी नाही. फक्त तेवढीच नाही.

मागच्या महिन्यात वहिनी म्हणाली, "तू हल्ली बोलताना मध्येच थांबतेस, कोणीतरी काहीतरी म्हणेल अशी वाट बघितल्यासारखी." बघतेच मी वाट. वाक्य संपवलं की उलट प्रश्न येणार, या सवयीवरच माझी सगळी वाक्यं उभी आहेत. हे वाचताना तुम्हालाही कदाचित जाणवलं असेल, मी वर प्रत्येक मुद्द्याला स्वतःच आक्षेप घेत आलेय. ते त्याचं काम होतं.

कृपया खाली 'स्ट्राँग राहा', 'स्वतःसाठी जग' वगैरे लिहू नका. पण तुमच्यापैकी कोणी दादाशी कधी वाद घातला असेल, तर तो लिहा. विषय काय होता, तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, सगळं. मी रात्री जागी आहे, प्रत्येकाला उत्तर देईन.