खुलासा : तळं तुडुंब भरलं म्हणजे जंगली तांदूळ परत येत नाही

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तळ्यांतल्या जंगली तांदळाबद्दल एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय : ‘भातच तो, बी टाका, बंधारा घालून तळं भरलेलं ठेवा, दोन वर्षांत पीक उभं.’ हे चुकीचं आहे.

इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक ज्याला ‘मनोमिन’ म्हणतात, तो आपल्या भाताचा जवळचा भाऊ नव्हे. त्याची प्रजातीच वेगळी, झिझानिया. त्याला साधारण अर्धा ते तीन फूट पाणी मानवतं. मी इथेच राहते. जूनच्या सुमारास त्याची पानं हिरव्या फितींसारखी पाण्यावर आडवी पसरलेली दिसतात. मुळं तेव्हा इतकी कोवळी असतात की पाणी एकदम चढलं तर रोपं उपटून वर येतात. म्हणूनच कित्येक ठिकाणी बंधाऱ्यांनीच हा तांदूळ घालवला. पाणी वर्षानुवर्षं एकाच पातळीवर राहिलं तरी कमळासारख्या बारमाही वनस्पती जागा बळकावतात.

दुसरं म्हणजे, पाणी नितळ दिसलं म्हणजे चांगलं असं नाही. खाणींतून आणि सांडपाण्यातून येणाऱ्या सल्फेटचं (गंधकाच्या क्षाराचं) गाळातले जिवाणू सल्फाइड करतात आणि ते मुळांना जाचतं. गाळात लोह भरपूर असेल तर ते सल्फाइडला बांधून ठेवतं, त्यामुळे प्रत्येक तळ्याचं गणित निराळं. मिनेसोटाने तर 1973 मध्येच जंगली तांदळाच्या पाण्यासाठी लिटरला 10 मिलिग्रॅम सल्फेटची मर्यादा घातली.

बी चिखलात काही वर्षं जिवंत राहतं, पाणी सुधारलं की तेच उगवू शकतं. त्यामुळे आधी पाणी सुधारायचं, मग पेरणी. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.