मोडीच्या काउंटरवर मॅनेजर हवाच

दागिन्यांच्या साखळी दुकानात स्टोअर मॅनेजरचा दिवस टार्गेट, मासिक योजनेचे हप्ते आणि रात्रीची ट्रेवार मोजणी यांतच सरतो. ते सगळं करावं लागतंच. तरी माझं ठाम मत आहे की मोड, म्हणजे गिऱ्हाइकाने बदलायला आणलेलं जुनं सोनं, घेताना त्याने स्वतः काउंटरला असलं पाहिजे. नवा दागिना घेताना गिऱ्हाइकाला हॉलमार्क आणि एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, तपासता येतो. मोड देताना त्याच्या हातात काहीच नसतं.

बोरमाळेचंच घ्या. मणी पोकळ, आत लाख. समजा काट्यावर 38.500 ग्रॅम भरली. दोरा आणि लाख जाऊन, आटवून, म्हणजे वितळवून, सोन्याची लगड (घट्ट गोळा) उतरली 26.000 ग्रॅम. मशीनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, आला 88 टक्के. म्हणजे शुद्ध सोनं 22.880 ग्रॅम, 916च्या, म्हणजे 22 कॅरेटच्या, हिशोबाने 24.978 ग्रॅम. साडेअडतीस ग्रॅम घेऊन आलेल्या बाईंना हे आधी सांगितलं नसेल, तर दुकानाने साडेतेरा ग्रॅम लाटले असंच त्यांना वाटणार. त्यांचं काय चुकलं?

म्हणून आटवण्याआधी अंदाजी वजन लिहून त्यांची सही घ्यायची, कारण एकदा मोडलेली माळ परत जोडता येत नाही. मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, रिकामी आहे हे दाखवायचं, आटवणं त्यांच्या डोळ्यांसमोर करायचं. ओतून झाल्यावर मूस खरवडायची, सोन्याचे कण तिला चिकटून राहतात आणि ते गिऱ्हाइकाचे असतात.

अख्ख्या दागिन्यावरच्या रीडिंगवर भाव ठरवू नका. टंच काढणारं एक्सआरएफ (क्ष-किरणांचं) मशीन फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा असेल तर आकडा फुगतो, डाक देऊन झाळलेल्या सांध्यावर कमी पडतो. लगडीवर दोन्ही बाजूंनी मिळून निदान तीन ठिकाणी रीडिंग घ्या. आकड्यांत मोठा फरक आला तर धातू एकजीव झालेला नाही, पुन्हा आटवा. गिऱ्हाइकाला आकडा पटला नाही तर लगड त्याच्या हातात परत द्यायची, एक रुपयाही न घेता.

आटवून, टंच काढूनही ‘जुनं सोनं’ म्हणून वर सरसकट घट (वजनातली कपात) कापायची, हे मला अजिबात मान्य नाही. जळायचं ते जळालेलं असतं, भेसळ टंचात दिसलेली असते. शुद्धीकरणाचा खर्च लावायचा असेल तर तो वेगळ्या ओळीत, रुपयांत लिहा.

बिलावर वाद होतो तो जीएसटीवरून. 3 टक्के कर नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो, मोड वजा जाऊन उरलेल्या रकमेवर नाही. हे बिल छापल्यावर नव्हे, दागिना पसंत करतानाच सांगा.

आणि काटा. रोज दुकान उघडल्यावर प्रमाणित वजन ठेवून तो तपासा, एसीचा झोत त्यावर येत नाही ना ते बघा, आणि आकड्याची एक पाटी कायम गिऱ्हाइकाकडे वळलेली ठेवा.