बयच्या ओव्या

कला म्हणजे पोट भरलेल्यांची चैन, असं कुणी म्हणालं की मला बय आठवते. बय म्हणजे माझी आजी, भोर तालुक्यातली. गावात गिरणी आली तरी डाळ भरडायला ती जातंच मांडायची. पहाटेचा अंधार, एक पाय लांब, एक दुमडलेला, उजवा हात खुंट्यावर आणि डाव्या हाताने मूठमूठ हरभरा जात्याच्या तोंडात.

तिची थोरली लेक, माझी आत्या, पहिल्या बाळंतपणात गेली. त्याबद्दल बय कधीच कुणाशी बोलली नाही. विचारलं तर उठून कामाला लागायची. पण जात्यावर बसली की सीतेच्या ओव्या म्हणायची. वनात सोडलेली सीता, दिवस भरलेले, जवळ आईचा हात नाही. लहानपणी वाटायचं, बय रामायण सांगतेय. ती आत्याबद्दल बोलत होती हे फार उशिरा कळलं.

कला हे काम करते, असं मला अगदी मनापासून वाटतं. स्वतःच्या नावाने जे ओठांवर येत नाही, ते सीतेच्या नावाने येतं. चारचौघांत रडायची सोय नव्हती. ओवी म्हणायला कुणाची ना नव्हती.

आणि ओवी म्हणजे नुसतं रडणं नव्हे. एक ओळ म्हणायची, जातं फिरत राहतं, तेवढ्यात दुसरी जुळवायची. समोर शेजारीण बसली असेल तर ती पुढची ओळ उचलायची. त्या फेऱ्यांमध्ये बाई विचार करायची: बापाने एवढ्या लांब का दिलं, भाऊ का येत नाही, लेकीच्या जन्माला हे असंच का. दिवसभरात तेवढीच वेळ तिची.

हे फार जुनं आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 12व्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओव्या गातात अशी नोंद आहे. पुढे 1290 मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला तोही ओवीतच. आपल्या भाषेतला सगळ्यात खोल विचार त्या छंदात झाला, आणि बायांनी आपली दुःखंही त्याच ओवीत सांगितली, याचं मला आजही भरून येतं.

जातं गेलं ते बरंच झालं. बयचे खांदे त्यातच गेले. पण ते बोलणं आता कुठे होतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या समाजअभ्यासकांनी गावोगावच्या बायांकडून सुरू केलेल्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत. 'पारी' म्हणजे 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणारी संस्था. तिच्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकायला मिळतात. गेल्या महिन्यात आईला सीतेच्या ओव्या लावून दिल्या. तिने फोन कानाशी धरला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या बयची दुसरी ओळ निराळी होती." मग तिने ती म्हणून दाखवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.